गुहेतली पोरं

गुहेच्या शेवटच्या दालनाचं वर्णन मी वाचून दाखवत होते. पुस्तक इंग्रजीत आणि आमचा खेळ मराठीत, त्यामुळे डोळ्यांनी एक भाषा वाचायची आणि तोंडाने दुसरी बोलायची, अशी माझी नेहमीची कसरत चालू होती. मूळ मजकुरात दोन कोरडे शब्द होते. एक स्त्रीजातीच्या जीवांसाठी, एक लहान जीवांसाठी. इंग्रजीत ते माणसालाही चालतात आणि लांडग्यालाही. मराठीत मात्र निवडावं लागतं. माद्या आणि पिल्लं, की बायका आणि पोरं? थांबून विचार करायला वेळ नव्हता. तोंडातून निघून गेलं, “आत बायका आणि पोरं आहेत. भिंतीला चिकटून बसलीत. ती लढत नाहीत.”

फासे वाजायचे थांबले.

आम्ही पाच जण दर दुसऱ्या रविवारी पुण्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि त्या जगातल्या बाकी सगळ्यांच्या वतीने बोलणारी. माझा सगळ्यात जुना मित्र पॅलाडिन खेळतो, देवापुढे शपथ घेतलेला योद्धा. त्यानं विचारलं, “अलाइनमेंट काय यांचं?” म्हणजे हे चांगले की वाईट. मी मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे खेळातल्या प्राण्यांची माहिती देणारं पुस्तक, उघडून गॉब्लिनचं पान काढलं. गुहेतली ही बुटकी जमात गॉब्लिनांची होती. न्यूट्रल ईव्हिल. “ईव्हिल,” मी म्हटलं. माझा भाचा तेरा वर्षांचा, तिसऱ्यांदाच खेळायला बसलेला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. “मावशी, पोरांचंही?”

पुस्तकात पोरांसाठी वेगळा रकाना नव्हता. अख्ख्या जमातीला मिळून एकच.

पुढचा तासभर आम्ही फासा टाकलाच नाही. चहा दोनदा झाला. आमच्यातली एक मैत्रीण वकिली करते आणि खेळात चोराचं पात्र घेते. ती म्हणाली, यांनी काय केलंय ते सांग, मग बघू. मी सांगितलं, गाव जाळणाऱ्यांपैकी या दालनात कुणीच नाही, ते सगळे तुम्ही बाहेरच मारलेत. पॅलाडिन म्हणाला, “आज सोडली तर दहा वर्षांनी हीच पोरं गावावर चालून येतील.” तो दुष्टपणाने बोलत नव्हता. जळलेल्या गावातल्या म्हातारीला त्यानंच शब्द दिला होता आणि तो शब्द त्याला छळत होता. शेवटी त्यांनी खजिन्याची पेटी उचलली, पोरांना तिथंच सोडलं आणि सगळे बाहेर पडले. जिंकल्यासारखं कुणालाच वाटलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. ‘पोरं’ हा शब्द माझा होता. मी ‘पिल्लं’ म्हटलं असतं तर? मला उत्तर ठाऊक आहे. त्यांनी फासे टाकले असते, दहा मिनिटांत दालन रिकामं झालं असतं आणि मीही कुणाचे किती हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, गेले ते मांडत बसले असते.

ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. डी अँड डीमध्ये प्रत्येक पात्राला आणि प्रत्येक प्राण्याला एक अलाइनमेंट असतं. दोन अक्ष. एकावर नियम आणि अनागोंदी, दुसऱ्यावर चांगलं आणि वाईट. दोन्हींच्या मध्ये तटस्थ. अशी नऊ घरं. खेळाडू आपलं घर स्वतः निवडतो. गॉब्लिन, ऑर्क, कोबोल्ड अशा शत्रू म्हणून येणाऱ्या जमातींचं घर मात्र छापून येतं. हे छापून येणं कुठून आलं याचा शोध घेतला तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण सुरुवातीला ही नैतिकतेची गोष्टच नव्हती.

१९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे नियम छापले. छोट्या बाहुल्या मांडून मध्ययुगीन लढाया खेळायचे नियम, आणि शेवटी जादू, ड्रॅगन वगैरेंचं एक जोडपत्र. दोन सैन्यं उभी करायची तर कोण कुणाच्या बाजूला हे आधी ठरवावं लागतं. म्हणून त्यात लॉ, न्यूट्रल आणि केऑस अशी वाटणी होती. कॅरममध्ये काळ्या सोंगट्या आणि पांढऱ्या सोंगट्या असतात, तशी. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी अँड डी आला तेव्हाही हीच तीन नावं होती, आणि त्या यादीत ऑर्क दोन रकान्यांत सापडतात, तटस्थांत आणि केऑसमध्येही. माणूस तर तिन्हींत आहे. म्हणजे ऑर्कला निदान कुंपणावर बसायची मुभा होती. १९७६ मध्ये गायगॅक्स यांनी एका लेखातून चांगल्या-वाईटाचा दुसरा अक्ष आणला. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये प्रत्येक प्राण्याच्या नावाखाली एकेक अलाइनमेंट छापलं गेलं. बाजूचं नाव स्वभावाच्या रकान्यात जाऊन बसलं. सैन्य बदलता येतं, झेंडा टाकून पळून जाता येतं. स्वभाव म्हणून छापलेली गोष्ट मात्र पाळण्यातल्या पोराच्याही अंगाला चिकटते.

ज्या गुहेत आम्ही अडकलो ती ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या जुन्या साहसातली आहे. साहस म्हणजे खेळण्यासाठी छापलेली तयार गोष्ट. गायगॅक्स यांनीच लिहिलेलं, १९७९ पासून नवशिक्यांच्या बेसिक सेटच्या खोक्यात मिळायचं. अमेरिकेत एका पिढीनं हा खेळ याच साहसातून शिकला. सीमेवरचा एक किल्ला, जवळच्या दरीत गुहा, आणि गुहांमधून कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क यांच्या टोळ्या. माझा जीव ज्यात अडकतो ती गोष्ट अशी की या गुहा ओसाड कोठड्या नाहीत. तिथं राहण्याच्या खोल्या आहेत, साठवणीच्या खोल्या आहेत, सरदार आहे, आणि बायका-पोरं आहेत. लेखकाला ती टाळता आली असती. त्याला गुहा खरी वाटायला हवी होती, आणि खरी वाटायची तर तिथं घर हवं. घर आलं की पोरं आली. पोरं आली की माझ्या भाच्याचा प्रश्न आला. त्या प्रश्नाचं काय करायचं हे साहसात लिहिलेलं नाही.

पण पुढे गायगॅक्स यांनी उत्तर दिलं होतं, आणि ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. २००५ मध्ये त्यांना कुणीतरी विचारलं की सदाचारी पॅलाडिननं शरण आलेल्या दुष्ट कैद्यांना मारणं योग्य का. ते म्हणाले, योग्य. कैदी दुष्टपणा सोडून चांगुलपणाकडे वळला असेल तरीही पॅलाडिन त्याला मारू शकतो, म्हणजे पुन्हा घसरण्याआधीच तो आपल्या पुण्यफळाकडे जाईल. आणि त्याच ओघात त्यांनी एक जुनं वाक्य आधाराला घेतलं, ‘लिखांच्याच उवा होतात.’ हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे त्या कर्नल चिव्हिंग्टनचं नावही त्यांनी घेतलं.

जॉन चिव्हिंग्टन आधी मेथडिस्ट धर्मोपदेशक होता. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे कोलोराडोमध्ये सँड क्रीकच्या काठावर त्याच्या सैनिकांनी शायान आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर हल्ला केला. वस्तीचा प्रमुख ब्लॅक केटल यानं अमेरिकेचा झेंडा उभारला होता, सोबत पांढरं निशाणही. दीडशेहून जास्त माणसं मारली गेली. त्यातली बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. त्याच सैन्यात सायलस सोल नावाचा एक कॅप्टन होता. त्यानं आपल्या तुकडीला गोळी चालवू दिली नाही. पुढे चौकशीत त्यानं साक्ष दिली, आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घालून मारलं. चिव्हिंग्टनवर कधी खटला चालला नाही.

गायगॅक्स यांचा मी राग धरू शकत नाही. त्यांनी जोडीनं बनवलेल्या खेळानं मला माझे निम्मे मित्र दिले. पण एक गोष्ट मला लपवता येत नाही. माझा पॅलाडिन मित्र चहाचा कप हातात धरून जे म्हणाला, दहा वर्षांनी हीच पोरं चालून येतील, ते तेच वाक्य होतं. त्यानं चिव्हिंग्टनचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. वाक्याला नावाची गरज नसते. समोरच्या जमातीपुढे एक रकाना छापलेला असला की ते आपोआप तोंडात येतं. आपल्याकडे त्याला ‘खाण तशी माती’ म्हणतात.

मी सोलापूरची. लहानपणी एका बाजूला फिरकायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती. त्या भागाला ‘सेटलमेंट’ म्हणत. आम्हा पोरांना वाटायचं, हे त्या पेठेचं नाव आहे, जसं दुसऱ्या पेठेचं काहीतरी असतं. कॉलेजात गेल्यावर कळलं. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. जमात सरकारी यादीत चढली की तिच्यात जन्मणाऱ्यावरही तोच शिक्का. हजेरी, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, आणि काहींच्या नशिबी कुंपणाच्या आतली वसाहत. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती त्या यादीतून मुक्त झाल्या, म्हणून आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मला ताकीद मिळत होती तेव्हा त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. ताकीद देणारी माणसं प्रेमळ होती. त्यांनीच मला गोष्टी सांगितल्या, त्यांनीच मला वाचायला शिकवलं.

कुणाही माणसाला मी गॉब्लिनशेजारी उभं करत नाहीये. गॉब्लिन कुठेही नाहीत, ते आम्ही रविवारी दुपारी तयार करतो आणि रात्री डब्यात भरून ठेवतो. मला ओळखीचा वाटला तो रकाना. तो भरताना कुणी विचारलेलं नसतं की तू काय केलंस.

आणि आमच्याच गोष्टींतला एक जण त्या पुस्तकात जाऊन बसला आहे. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षस आहे, याच नावानं. वाघाचं डोकं, अंगात उंची वस्त्रं, तोंडात पाइप. डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी काढलेलं ते चित्र फार देखणं आहे, मला मनापासून आवडतं. राक्षस पहिल्यांदा भारतात आढळले, असं तिथं लिहिलंय. पाद्र्यानं मंत्रवलेला क्रॉसबोचा बाण लागला की मरतात. आणि अलाइनमेंट अर्थातच ईव्हिल. पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, आपलंही कुणीतरी आहे यात. नंतर वाटलं, पण हा आपला नाही. आपल्याकडे हिडिंबा आहे. भीमाला जीव लावणारी, आणि आपला पोरगा पांडवांच्या युद्धात गमावणारी. घटोत्कच राक्षसच आहे, आणि लहानपणी त्याच्या मरणाला मी रडले आहे. बिभीषण आहे. दैत्यांत प्रल्हाद आहे, आणि प्रल्हादाचा नातू बळी.

बळीपाशी तर माझ्या घरातच गोष्ट फिरते. दिवाळीच्या पाडव्याला आजी ओवाळताना म्हणायची, “इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.” मी एकदा तिला विचारलं होतं की बळी तर असुर ना, मग त्याचं राज्य कशाला यायला हवं? ती म्हणाली, “तो शब्दाला जागला, बाई.” बस्स, एवढंच. कुळ कुठलं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा हीच गोष्ट त्यांनी पार उलटी धरून दाखवली. बळी हा इथल्या लोकांचा राजा, आणि राक्षस म्हणजे या भूमीचे रक्षण करणारे, ज्यांना जिंकणाऱ्यांनी बदनाम केलं. इतिहास म्हणून ते कितपत टिकतं यावर विद्वान वाद घालोत. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मॉन्स्टर मॅन्युअल कुणी लिहिलं? ज्यांचं पान त्यात आहे त्यांनी तर नाही.

माणसाच्या रागाचं आणि क्रौर्याचं नाव म्हणून आपणही ‘राक्षस’ वापरतोच. आपल्या गोष्टी पवित्र आणि त्यांच्या उथळ, असं म्हणण्यात अर्थ नाही. ऑर्क ज्यांच्याकडून या खेळात आले त्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लेखक टॉल्किन यांनाही हा काटा आयुष्यभर टोचला. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. वाईटाला नवा जीव घडवता येत नाही, असलेला बिघडवता येतो, असं ते मानत. मग ऑर्क आले कुठून, आणि त्यांना सुटका आहे की नाही? १९७३ मध्ये ते गेले तोवर त्यांनी पुन्हा पुन्हा नवी उत्तरं लिहून पाहिली, शेवटचं असं एकही नाही.

त्या रविवारनंतर चार दिवसांनी मित्राचा फोन आला. तो दुखावला होता आणि त्याला ते नीट सांगायचं होतं. म्हणाला, “आठवडाभर ऑफिसात प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात. घरी आलो की तेच. रविवारी चार तास मला एक बाजू हवी असते. समोरचा वाईट आहे हे माहीत असावं आणि हात उचलताना मन खाऊ नये. हे मागणं एवढं चुकीचं आहे का?” मला ते चुकीचं वाटत नाही. मलाही ते हवं असतं. वाईटाशी लढण्याची ओढ खरी आहे, आणि सगळंच धूसर करून टाकलं तर गोष्टीत जीव राहत नाही. कुणालाच मारायचं नाही, सगळ्यांशी बोलत बसायचं, अशी एक मोहीम मी एकदा चालवून पाहिली. ती तिसऱ्या रविवारी मेली.

फोनवर बोलता बोलता मला जे सुचलं ते असं. त्याला हवी आहे ती खात्री. ती जन्मातून घ्यायची गरज नाही, करणीतून घेता येते. गाव जाळणारे, माणसं विकणारे, विहिरीत विष टाकणारे. त्यांच्यावर तलवार उचलताना मन खात नाही, मग ते गॉब्लिन असोत की गावचा पाटील. आणि ज्यांना आई नाही असे जीवही या खेळात भरपूर आहेत. मांत्रिकानं उठवलेले सांगाडे आहेत. डेव्हिल आहेत, आणि खेळाच्याच कथेप्रमाणे डेव्हिल बनतात ते मेलेल्या दुष्टांच्या आत्म्यांपासून. म्हणजे तिथंही आधी करणी आहे. मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पाटील चालेल.”

खेळ बनवणाऱ्या कंपनीलाही या प्रश्नातून सुटका मिळाली नाही. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा खून झाला आणि काही आठवड्यांनी, १७ जून २०२० ला, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राऊ (जमिनीखाली राहणारे एल्फ) यांना यापुढे इतर लोकांइतकंच गुंतागुंतीचं दाखवू. २०२४ च्या नव्या प्लेयर्स हँडबुकात ‘रेस’ हा शब्द गेला, आणि ऑर्क हे खेळाडूनं घ्यायचं पात्र झालं. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्कचं पानच नाही. हे मला पटतं. त्याच पुस्तकात गॉब्लिनला मात्र ‘ह्युमनॉइड’ या वर्गातून काढून परीलोकातल्या जीवांमध्ये टाकलं, आणि ते मला अजिबात पटत नाही. खेळात ‘होल्ड पर्सन’ नावाचा एक मंत्र आहे. समोरच्याला न मारता जागच्या जागी थांबवतो. तो फक्त ह्युमनॉइडवर चालतो. नव्या पुस्तकाप्रमाणे तो गॉब्लिनला लागत नाही. माझ्या भाच्याच्या पात्राकडे हा मंत्र आहे. रक्त न सांडता गॉब्लिनला थांबवायची एक वाट होती, ती बंद झाली, कारण गॉब्लिन आता ‘पर्सन’ नाहीत. माझ्या टेबलावर मी हा बदल घेतलेला नाही.

तसं २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं होतं की छापलेलं अलाइनमेंट हे फक्त गृहीत धरलेलं आहे, डंजन मास्टरनं हवं तर खुशाल बदलावं. ती ओळ मी कितीदा ओलांडून पुढे गेले असेन.

आता गुहा लिहायला घेतली की मी आधी चूल कुठे ते ठरवते. तिथं कोण रांधतं, पाणी कुठून आणतात, धूर कुठून बाहेर पडतो. यातलं निम्मं खेळात येतच नाही. पण चूल मांडल्यावर ‘पिल्लं’ हा शब्द तोंडात येत नाही, हे मी पाहिलंय. मध्यंतरी भाच्यानं विचारलं, “मावशी, गॉब्लिन आपल्याला काय म्हणतात?” आपल्याला म्हणजे माणसांना. इतक्या वर्षांत मी त्यांच्या भाषेतला हा शब्द कधी ठरवलाच नव्हता. दोन दिवस विचार केला. गॉब्लिनना अंधारात दिसतं, माणसांना दिसत नाही. त्यांच्या गुहेत कधीच दिवा लागत नाही. दूरवर भिंतीवर पिवळा उजेड हलायला लागला की समजायचं, कुणीतरी तलवार घेऊन येतंय. म्हणून त्यांच्या भाषेत आपण ‘दिवेवाले’.

गेल्या रविवारी ते पुन्हा एका गुहेत शिरले. बाहेर पाऊस, मी भजी तळून टेबलावर ठेवलेली. बोगद्याच्या टोकाला एक पोर पाण्याचं भांडं घेऊन उभं होतं. मशालीचा उजेड अंगावर पडला तसं ते ओरडलं, “दिवेवाले!” आत भांडी पडल्याचे आवाज, पळापळ, कुणीतरी कुणाला हाका मारतंय. पॅलाडिननं फासा हातात घेतला. भाचा म्हणाला, “मी मशाल विझवतो.”

“अरे, आपल्याला काही दिसणार नाही!”

“त्यांना दिसेल ना.”